मिल डीतला शनिवार

पहाटे ५:००

जानेवारीअखेर सॉल्ट लेक सिटीत सूर्य पावणेआठच्या आसपास उगवतो. त्यामुळे पाचला वाजतो तो गजर पहाटेचा नव्हेच, मध्यरात्रीचा. घरातलं कुणीतरी कूस बदलून "जा बाई एकदाची" म्हणतं आणि मी स्वयंपाकघरातला दिवा लावते. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, जाकिटाच्या आतल्या खिशात संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू. दुकानातले एनर्जी बार उणे दहात दाताला दाद देत नाहीत. दुधात मळलेली दशमी कितीही गार झाली तरी तुटते. वॉसॅचच्या डोंगरात ती अशी कामाला येते हे कळलं असतं, तर आमच्या आजीला मनापासून आवडलं असतं.

सामान रात्रीच भिंतीशी मांडून ठेवलेलं असतं. स्की, बूट, काठ्या, स्किन, बीकन, प्रोब आणि फावडं. यातल्या शेवटच्या तिन्ही वस्तू स्वतःसाठी नसतात, सोबतच्या माणसासाठी असतात. बॅककंट्री स्कीइंगमध्ये लिफ्ट नाही, तिकीट नाही. स्वतःच्या पायांनी चढायचं आणि स्कीवरून उतरायचं. रिसॉर्टमध्ये उतार उघडण्याआधी तिथले लोक स्फोटकं लावून घातक बर्फ मुद्दाम पाडून टाकतात. इथे ते काम कुणी केलेलं नसतं. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावा लागतो, त्यानंतर आशा झपाट्यानं मावळते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर शहरातून उडतसुद्धा नाही. मग काढणार कोण, तर जी तुमच्याबरोबर आली आहे ती.

५:४५

ती येते. मूळची साताऱ्याची, इथल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका. गाडी माझ्या दारात थांबते आणि काच खाली येते.

"फावड्याचं दांडकं घेतलंस?"

"घेतलंय गं."

"दाखव."

मी पाठपिशवी उघडून दाखवते. तिचं सगळं असंच. तोंडी उत्तरावर तिचा विश्वास नाही. तो कामावर गळून पडला की आधीपासून नव्हता, कोण जाणे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला ही बाई जरा खडूस वाटली होती. आता वाटतं, डोंगरात असलीच माणसं हवीत.

६:२०

बिग कॉटनवुड कॅनियनच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली असते. शेजारच्या लिटल कॉटनवुडमध्ये तर शनिवारी लाल दिव्यांची अशी ओळ लागते की तिला इथले लोक 'रेड स्नेक' म्हणतात. आम्ही त्या वाटेला जात नाही. तो रस्ता हिमस्खलनांच्या घळींखालून जातो, आणि मोठं वादळ आलं की तो बंद करून वरचे उतार पाडले जातात. वर आल्टा नावाचं गाव आहे. तिथे अशा वेळी 'इंटरलॉज' लागू होतो. इमारतीतून बाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलंत तर तो कायद्यानं गुन्हा.

या आल्टाची गोष्ट मला नेहमी गाडीत आठवते. एकोणिसाव्या शतकात इथे चांदीच्या खाणी निघाल्या. खाणीतल्या आधारांना आणि भट्ट्यांना लाकूड हवं म्हणून डोंगर बोडके केले, आणि मग त्या बोडक्या डोंगरांवरून बर्फ सुटून गावावर येऊ लागला. कित्येक खाणकामगार त्यात गेले. चांदी संपली, गाव ओस पडलं. १९३९ मध्ये तिथे स्कीची लिफ्ट बसली आणि बर्फाखालच्या चांदीऐवजी बर्फाचाच धंदा सुरू झाला. महायुद्धानंतर माँटी अ‍ॅटवॉटर नावाचा, डोंगरी पलटणीतून आलेला माणूस तिथे वनखात्याच्या नोकरीत लागला. हिमस्खलन कधी, कुठे, का होतं, हे अमेरिकेत पद्धतशीरपणे बघायला त्यानं सुरुवात केली. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस तर त्यानं लष्करी तोफेनं उतारांवर गोळे टाकून बर्फ पाडायला घेतला. आज आम्ही दोघी मोबाइलवर जो अंदाज वाचणार आहोत त्याचं मूळ तिथलं.

६:५०

मिल डी नॉर्थचा वाहनतळ. उंची साधारण २,२०० मीटर. अजून जागा आहे, अर्ध्या तासानं नसेल. गाडीचं हीटर चालू ठेवून आम्ही 'यूटा अ‍ॅव्हलांच सेंटर'चा अंदाज उघडतो. तो साडेसातच्या आत येतो, बहुतेकदा त्याआधीच. लिहिणारा माणूस आमच्या कितीतरी आधी उठून वाऱ्याची, तापमानाची आणि काल लोकांनी डोंगरातून कळवलेल्या निरीक्षणांची जुळणी करत बसलेला असतो.

अंदाजात सगळ्यात वर एक गोल नकाशा असतो. आठ दिशा, उंचीचे तीन पट्टे, असे चोवीस कप्पे. प्रत्येक कप्प्याला रंग: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, काळा. आज उत्तर ते पूर्वेचे मधले आणि वरचे कप्पे नारिंगी आहेत, बाकीचे पिवळे. नारिंगी म्हणजे पाचपैकी तिसरी पातळी. ऐकायला मधली, बेताची वाटते आणि गोची तिथेच आहे. लाल आणि काळ्याला लोक घरी बसतात. नारिंगीला बाहेर पडतात, कारण पडता येतं. इथले बरेचसे बळी याच रंगात गेले आहेत.

"वाच," ती म्हणते. मी मोठ्यानं वाचते. गुरुवारी रात्री ३० सेंटिमीटर नवा बर्फ. शुक्रवारी दिवसभर पश्चिमेचा वारा. आणि खाली अजून तो थर आहेच.

तो थर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला, पातळ बर्फ. नंतर डिसेंबर कोरडा गेला. पातळ बर्फाच्या तळाशी जमिनीची ऊब आणि वर रात्रीची कडाक्याची थंडी, त्यामुळे आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि कणांचा आकारच बदलतो. गोलसर, एकमेकांना धरून राहणारे कण जातात आणि कडा असलेले, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे सुटे दाणे तयार होतात. मुठीत दाबून त्यांचा गोळा होत नाही. जानेवारीचं सगळं ओझं त्या दाण्यांवर उभं आहे. ते दक्षिणेच्या उतारावर उन्हानं आधीच वितळून गेलेले असतात. उत्तर आणि ईशान्येला, सावलीत, ते महिनोन्‌महिने टिकतात. नेमका तिथेच बर्फ सगळ्यात हलका, सगळ्यात सुंदर.

बेत असा ठरतो: मिल डीच्या खोऱ्यातून वर, रेनॉल्ड्स पीकच्या सोंडेवर. वर गेल्यावर बर्फ बघायचा. चांगला असला तर ईशान्येचा उतार. नसला तर अ‍ॅस्पेनच्या विरळ रानातली मंद उतरण, जी कुठेही तीस अंशांच्या वर जात नाही. तीसच्या खाली हा थर सहसा सुटत नाही. सुटतो तो तीस ते पंचेचाळीसच्या मधे, आणि स्की करायला मजाही त्याच मापात येते.

आमचा नियम एकच आहे. दोघींपैकी एकीनं नको म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही, निदान तिथल्या तिथे नाही. भांडण गाडीत करायचं.

७:१५

बीकन तपासणी. छातीवर पट्ट्यांनी बांधायचं हे खोकं दिवसभर ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश सोडत असतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापलं खोकं शोधावर टाकायचं आणि आकडा कमी कमी होत जाईल तसं बर्फावरून सरकत जायचं. ती वीस पावलं पुढे जाऊन उभी राहते, मी तिच्याजवळून जाते, तिच्या खोक्यावर माझा आकडा येतो, मग अदलाबदल. मोबाइल मांडीच्या खिशात, विमान मोडवर. छातीच्या खिशात ठेवला तर तो बीकनच्या कामात लुडबूड करतो.

मग स्किन. स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब पट्टी पूर्वी खरोखर सीलच्या कातड्याची असे. आता नायलॉनची किंवा मोहेअर लोकरीची, किंवा दोन्ही मिसळून. तिची लव मागच्या बाजूला झुकलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी, फक्त पुढचा पंजा दोन खिळ्यांत अडकवलेला. हे दोन खिळ्यांचं बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलनं १९८०च्या दशकात काढलं. जुनी वजनदार बाइंडिंगं ओढून त्याचे पाय दुखले होते म्हणे. त्याच्या पायांचे फार उपकार आहेत आमच्यावर.

निघताना थोडी थंडी वाजायलाच हवी. वाजत नसेल तर एक थर जास्त झाला, दहा मिनिटांत घाम येणार आणि थांबलं की तोच घाम गारठवणार.

८:१०

चढण. यावर फार लिहिण्यासारखं नाही. एक पाय सरकवायचा, मग दुसरा. उचलायचा नाही, नवखे उचलतात आणि दमतात. खालच्या भागातल्या लाकडी घरांची छपरं मागे पडतात. ओढ्याच्या कडेनं वाट, दोन्हीकडे स्प्रूस आणि फर. सह्याद्रीतल्या चढाशी याचं काहीच जुळत नाही, एक सोडून: बोलणं आपोआप बंद होतं आणि पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत राहतात.

वळणावर मूस उभा. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, आणि हा वाटेच्या मधोमध. वाट आयती तुडवलेली, खोल बर्फातून चालायला त्यालाही जड जातं, मग तो का हलेल? आम्ही झाडाआड थांबतो. थांबून काहीच उपयोग होत नाही. शेवटी वाट सोडून, कमरेएवढ्या बर्फातून लांबचा वळसा घालतो. कान मागे गेलेल्या मुसाशी हुज्जत घालू नये.

वर डाव्या हाताला डॉग लेककडे वाट फुटते. या कॅनियनमध्ये कुत्री आणायला बंदी आहे, कारण इथलं पाणी सॉल्ट लेक सिटी पिते. तळ्याला मात्र नाव कुत्र्याचं.

९:२०

खोऱ्याच्या माथ्याजवळ एक सपाट माळ लागतो. मी पुढे, ती पंधरा पावलं मागे. माझ्या डाव्या स्कीखाली, खोलवर कुठेतरी, 'व्हुंफ' असा आवाज होतो. दार ओढून घेतल्यावर खोलीतली हवा दबते तसं कानात जाणवतं, आणि अख्खा माळ पायाखाली बोटभर खाली बसतो. पुढे उभ्या असलेल्या फरच्या फांदीवरचा बर्फ भसकन सांडतो. तिथवर, तीसेक मीटर, तो धक्का जमिनीलगत पळत गेला होता.

सपाटीवर याचं काही होत नाही. उतारावर असतो तर याच क्षणी वरचा थर फुटून निघाला असता.

"ऐकलंस?" मी विचारते.

"पायांनी ऐकलं," ती म्हणते आणि घड्याळ बघून वहीत वेळ टिपते.

१०:००

माझ्यातला हट्ट अजून संपलेला नाही. माळावरचा बर्फ वेगळा, उतारावरचा वेगळा असू शकतो. म्हणून ईशान्येकडे तोंड असलेला एक लहानसा, मंद आणि वर काहीही नसलेला उतार बघून आम्ही खड्डा खणतो.

हे काम बघण्यासारखं असतं. आधी प्रोबची लांब सळई खुपसून खोली घ्यायची: १३० सेंटिमीटर. मग जमिनीपर्यंत खणायचं आणि वरच्या अंगाची भिंत फावड्यानं तासून सरळ करायची. तासलेल्या भिंतीत अख्खा हिवाळा दिसतो. वर शुक्रवारच्या वाऱ्यानं दाबलेली, बोट खुपसायला जोर लागणारी फळी. त्याखाली गुरुवारचा पांढरा, भुसभुशीत थर. मग मधले घट्ट थर. आणि तळाशी एक करडट पट्टा, ज्याला नुसती करंगळी लावली की तो भुरभुर सांडायला लागतो. ती हातमोजा काढून चिमूटभर दाणे एका काळ्या पत्र्यावर घेते आणि भिंगातून बघते. मला देते. एकेक दाणा वेगळा, कडा उन्हात चमकणाऱ्या, कुणाचा कुणाशी संबंध नाही.

मग चाचणी. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा चारी बाजूंनी सुटा करायचा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं. त्यावर मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. बघायचं ते हे की खालचा थर कितव्या थापेला मोडतो, आणि मोडला तर भेग तिथेच थांबते की ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावते.

ती मनगटाच्या दहा थापा देते. काही नाही. कोपरातून अकरावी, बारावी, तेरावी. तेराव्या थापेला अख्खा ठोकळा एका झटक्यात तळावरून सुटून माझ्या गुडघ्यांवर येतो. खालची बाजू आरशासारखी सपाट.

दोघी थोडा वेळ गप्प. मग ती खड्डा बुजवायला घेते. पडणाऱ्याचा पाय मोडू नये म्हणून तो बुजवून निघायचं असतं.

११:१०

सोंडेवर पोचतो. वारा नाही, आभाळ निळंशार. ईशान्येचा उतार पायाखाली, अस्पर्श, खाली झाडांपर्यंत एकसंध. पस्तीस-छत्तीस अंश असावा. इतका सुंदर उतार बघून मला खरोखर भूक लागते. नियम आठवत असतो, खड्डाही आठवत असतो, आणि तरी डोकं त्या उताराची वकिली करत राहतं. कडेकडेनं गेलो तर? एकेक करून गेलो तर? इथून खाली काही मोठा कडा नाही ना?

"नको," ती म्हणते. मी अजून काही विचारलेलंसुद्धा नसतं.

तेवढ्यात मागून तिघे येतात. तरणेबांड, हसतमुख, सामान आमच्याहून चांगलं. राम राम होतो. ती त्यांना सगळं सांगते: माळावरचा आवाज, खड्डा, तेरावी थाप. ते नीट ऐकून घेतात, आभार मानतात, आपसात दोन मिनिटं बोलतात. आणि स्किन काढायला लागतात.

त्यांना अडवणं आपलं काम नाही. पण ते उतरेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. बीकन आहे, फावडी आहेत, आणि वरून सगळा उतार दिसतो. पहिला गेला. सात-आठ मोठी वळणं, मागे पांढरा धुरळा, खाली झाडांत शिरून आरोळी. दुसरा गेला. तिसरा गेला. काहीही झालं नाही.

११:४५

आमची उतरण दुसऱ्या अंगाची. पंचविसेक अंश, अ‍ॅस्पेनची विरळ, पांढऱ्या सालीची झाडं, मधून जायला ऐसपैस जागा. स्किन ओरबाडून काढायच्या, घडी करून जाकिटात, म्हणजे गोंद गोठत नाही. टाचा अडकवायच्या, बूट आवळायचे. मी आधी.

मंद उतारावर वेग यायला दोन क्षण लागतात. मग स्कीची टोकं बर्फातून वर येतात आणि पायाखालचं वजन नाहीसं होतं. वळण घ्यायला काही करावं लागत नाही, गुडघे दुमडले की स्की वळते, सरळ केले की सुटते. बर्फ गुडघ्यापर्यंत, इतका कोरडा की त्याचा आवाज नाही, फक्त नडगीवर हलकासा भार. वळणागणिक मागचा धुरळा खांद्यावरून पुढे येऊन तोंडावर पडतो. झाडं येतात, जातात. हसू येतं, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नसतं.

खाली थांबून मी वर बघते. ती येत असते, तोंडानं काहीतरी गुणगुणत. वर चढायला चार तास गेले होते. उतरायला चारेक मिनिटं.

१२:१५

दशम्या. चहा. लाडू दगड झालेत, ते गालात धरून बसावं लागतं. आणि आता, नियमाला बगल देऊन, भांडण.

"बघ, तिघंच्या तिघं गेले ना," मी म्हणते.

"गेले."

"मग?"

"मग काय? त्यांचा पाय नाजूक जागेवर पडला नाही." ती चटणी लावते. "थर सगळीकडे सारखा नसतो. कुठे वरची फळी दीड मीटर जाड, कुठे खडकाजवळ हातभर. जाड जागेवरून दहा जण जातील आणि खालच्या दाण्यांना पत्ताही लागणार नाही. अकरावा खडकाजवळून गेला की अख्खा उतार निघणार. तो अकरावा कोण, ते आधी कळत नाही."

मला हे माहीत आहे. तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे. पण मी जे म्हणत होते ते वेगळंच होतं. मला बोचत होतं ते असं की, आम्ही बरोबर होतो हे कधीच कळणार नाही. उतार सुटला असता तर आम्ही शहाण्या ठरलो असतो, पण ते कोण मागणार? सुटला नाही, तर ते तिघे आज रात्री बियर पिताना म्हणणार, बघा, चांगला होता. आणि पुढच्या वेळी तेराव्या थापेला जरा कमी घाबरणार. इतर कामांत चुकलं की फटका बसतो आणि माणूस शिकतो. इथे चुकलं तरी बहुतेक वेळा बक्षीसच मिळतं, आणि तेही असलं उत्तम बक्षीस. असल्या शाळेत हुशार माणसं हळूहळू बिघडतात.

या धारेच्या पलीकडे, मिलक्रीकच्या बाजूला, विल्सन ग्लेड म्हणून एक उतार आहे. ६ फेब्रुवारी २०२१ ला, शनिवारीच, तिथे चार जण हिमस्खलनात दगावले. तोच प्रकार: कोरड्या डिसेंबरचा सुटा थर, वर नव्या वादळांचं ओझं, उत्तरेचा उतार. गेलेले लोक नवखे नव्हते. त्या हिवाळ्याबद्दल इथले जुने स्कीवाले अजून आवाज खाली आणून बोलतात.

"अतिदक्षता विभागातही असंच असतं," ती मधेच म्हणते. "एखादा डोस द्यायचा राहतो आणि पेशंट मजेत घरी जातो. म्हणून काय डोस नको होता?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. लाडू चघळत होते, हे एक बरं झालं.

१:०० ते २:४५

पुन्हा स्किन, पुन्हा वर, पुन्हा तेच रान, शेजारची अस्पर्श पट्टी बघून. चढताना किक टर्न: उतारावर एक स्की हवेत उचलून उलट्या दिशेला ठेवायची, मग दुसरीला टाचेनं झटका देऊन तिला शेजारी आणायची. हे जमेपर्यंत माणूस झाडात अडकलेल्या पतंगासारखा दिसतो. मला आता जमतं. दुपारी ऊन दक्षिणेच्या कडेवर आलं तसा तिथला बर्फ ओला होऊन स्किनला गोळे धरायला लागले. तेव्हा पुरे म्हटलं.

३:३०

गाडी. बूट काढल्याचं सुख शब्दांत मांडायचा प्रयत्न कुणी करू नये. वाहनतळ भरून रस्त्याच्या कडेलाही गाड्या लागल्यात. ते तिघेही आलेले, आम्हाला बघून हात हलवतात, चिप्सचं पाकीट पुढे करतात. आम्ही घेतो. छान पोरं आहेत. हे लिहायला हवं, कारण अशा गोष्टींत दुसऱ्याला मूर्ख ठरवलं की आपलं काम सोपं होतं.

कॅनियनच्या तोंडातून बाहेर पडलं की समोर शहर दिसायला हवं. दिसत नाही. वादळ जाऊन दोन दिवस झाले, वर ऊबदार हवेचं झाकण बसलं आणि खाली गार हवेत गाड्यांचा, घरांच्या भट्ट्यांचा धूर अडकून पडला. हिवाळ्यात इथे हे नेहमीचंच. दिवसभर ज्या हवेत होतो तिच्यातून आम्ही त्या पिवळट थरात उतरतो. ती गाडीतली हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबते.

संध्याकाळी ६:००

ओल्या स्किन दोरीवर, बुटांचे आतले भाग हीटरपाशी. बीकनमधल्या बॅटरीचा आकडा बघून ठेवायचा. मग खिचडी, आणि ती होईस्तोवर लॅपटॉप.

निरीक्षण पाठवणं हा दिवसाचाच भाग आहे. कुणीही पाठवू शकतं. उद्या पहाटे अंदाज लिहिणारा माणूस जे वाचून बसेल, त्यात मिल डीतला आजचा खड्डाही असावा. मी ठिकाण, दिशा, उंची, कोन भरते. माळावरचा आवाज आणि वेळ तिच्या वहीतून. भिंतीचा फोटो. चाचणीचा निकाल. शेवटी लिहिते की हे सगळं बघून आम्ही ईशान्येचा उतार सोडला आणि मंद उतारावर गेलो. वाचून बघते. नीट झालंय. जरा छाती फुगवणारंही झालंय.

पाठवण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवते. ती ऐकून घेते.

"तिघं उतरले ते कुठंय?"

"ते कशाला?"

"तीन जण त्याच उतारावरून गेले आणि सुटला नाही. हे निरीक्षण नाही का?"

"ते आपल्या विरुद्ध जातं."

"जाऊ दे की. लिही."

मी लिहिते. किती वाजता, कुठल्या बाजूनं, एकेक करून, निकाल काही नाही. मग ती विचारते की रविवारची तिची ड्युटी संपल्यावर वह्या आणि नकाशे घेऊन येऊ का, आणि पुढच्या शनिवारी गाडी कोण काढणार. मी म्हणते मी काढीन, पण टायरचं बघावं लागेल, मागचे दोन झिजलेत.

"उद्या आले की दाखव," ती म्हणते.